डोळ्यात थेंब टाकू की नको?

२०२३ चा अधिक श्रावण आठवतोय ना? जुलैच्या १८ तारखेला अधिक महिना लागला आणि घरोघरी जावयांच्या धोंड्याच्या जेवणाची तयारी सुरू झाली. माझ्या माहेरहून, अमळनेरहून, दोनदा फोन येऊन गेला होता. मला सहावा महिना संपत आला होता, त्यामुळे आईला लेक आणि जावई दोघांनाही एकदा डोळे भरून बघायचं होतं. पण त्या वर्षी डोळ्यांनीच घात केला.

त्या पावसाळ्यात आपल्याकडे डोळे येण्याची केवढी साथ होती हे सुरतेत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. लिंबायत, डिंडोली, उधना, जिकडे बघावं तिकडे काळे गॉगल. रिक्षावाल्याला गॉगल, भाजीवाल्याला गॉगल, शाळेतून परत पाठवलेल्या पोरांना गॉगल. तिकडे महाराष्ट्रात आळंदीच्या शाळांमधून सुरुवात झाल्याच्या बातम्या येत होत्या आणि इकडे आमच्या सोसायटीत रोज सकाळी कुणीतरी सांगायचं, "आमारे घेर पण आंख आवी छे." त्यामुळे एका सोमवारी सकाळी माझा उजवा डोळा लाल झाला तेव्हा कुणालाच काही विशेष वाटलं नाही. मलाही नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. आधीच्या शनिवारी रात्री एक रिलीज होती. पहाटे साडेतीनला लॅपटॉप बंद केला आणि तशीच झोपले, डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स ठेवून. सकाळी लेन्स काढल्या, डबी नळाच्या पाण्याखाली धुतली आणि पुन्हा भरून ठेवली. चष्म्याचा कंटाळा म्हणून कॉलेजपासून लेन्स वापरते, इतक्या वर्षांत काही झालं नव्हतं. ही माझी चूक आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं आणि साथीच्या गोंधळात ती मी कुणाला सांगितलीच नाही.

नवरा औषधाच्या दुकानातून थेंब घेऊन आला. दुकानदाराने काही न विचारता दिले, त्या दिवसांत तो दर पाच मिनिटांनी तीच बाटली देत असणार. मी सवयीप्रमाणे खोक्यातला कागद उघडला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की गरोदर स्त्रियांवर या औषधाचा पुरेसा आणि नियंत्रित अभ्यास झालेला नाही, धोक्यापेक्षा फायदा जास्त असेल तरच वापरावं. एवढं वाचल्यावर कोणती गरोदर बाई ती बाटली उघडेल? त्यात आमच्या सासूबाई समोर बसलेल्या. त्या मूळच्या दोंडाईचाकडच्या, लग्नानंतर सुरतेत आल्या, पण मन हललं की आहिराणीच बोलतात. "पोटमा लेकरू शे, डोयामा काही टाकू नको वं," म्हणाल्या. बाटली फ्रिजच्या दारात गेली.

सासूबाईंच्या भीतीला कारण होतं, ते मला खूप नंतर कळलं. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली तेव्हा त्या इथेच होत्या. लोक मिळेल त्या गाडीने खानदेशाकडे पळत होते, टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून दिसेनाशा झाल्या होत्या. वस्तीत कॅप्सूल वाटायला आलेल्या माणसाने सासऱ्यांना दिल्या, शेजाऱ्यांना दिल्या आणि सासूबाईंच्या पोटाकडे बघून हात मागे घेतला. माझी नणंद तेव्हा पोटात होती. "तुमच्यासाठी नाही ताई, बाळाला वाईट," एवढंच तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. टेट्रासायक्लिन आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या घडत्या दातांत आणि हाडांत जाऊन बसतं, दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात. पण सासूबाईंच्या मनात त्या दिवशी जे कोरलं गेलं ते एका औषधाबद्दल नव्हतं. अँटिबायोटिक म्हणजे पोटुशीला वर्ज्य, असं ते ठरून गेलं.

तर मी काही टाकलं नाही. थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या. शेजारच्या मावशींनी गुलाबपाणी सुचवलं, कुणी मध सुचवला. (दोन्ही डोळ्यांत घालू नयेत. स्वयंपाकघरातला मध निर्जंतुक नसतो आणि गुलाबपाण्याच्या बाटलीत काय आहे हे देवच जाणे.) मंगळवार गेला, बुधवार गेला. सगळ्यांचे डोळे चिकट होत होते, खाजत होते, दोन्ही डोळ्यांना होत होतं. माझा एकच डोळा लाल होता आणि तो खाजत नव्हता, दुखत होता. खिडकीतला उजेड सुईसारखा टोचायचा. गुरुवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर उजव्या डोळ्याने अक्षरं धुरकट. आरशात नीट बघितलं तर बुबुळावर बाजरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

त्या दिवशी नवऱ्याने सुट्टी टाकली आणि आम्ही रिंग रोडजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर गॉगलवाल्यांची रांग होती. डॉक्टर बाईंनी यंत्रात डोळा बघितला, हिरवा-पिवळा रंग घालून पुन्हा बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लेन्स लावता का? झोपताना काढल्या होत्या?" माझे डोळे आलेच नव्हते. साथीतला संसर्ग असतो डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याचा, आणि तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. माझ्या कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेला, जिवाणूंमुळे जखम झाली होती. लेन्स घालून झोपणाऱ्यांना ती होते, आणि उपचार न केल्यास नजर जाऊ शकते. "आणखी दोन-तीन दिवस थांबला असतात तर मी काही शब्द देऊ शकले नसते," त्या म्हणाल्या. हे त्यांनी घाबरवायला म्हटलं नव्हतं. त्या सुरतच्याच होत्या, गुजराती, पण इतकी वर्षं मराठी पेशंट बघून मराठी चांगलं बोलायच्या.

जखमेचा खरवडा घेऊन तपासणीला पाठवला. आणि औषध लिहून दिलं ते मॉक्सिफ्लॉक्सासिनचे थेंब, दर तासाला एक, पहिले दोन दिवस रात्रीही गजर लावून. आमच्या फ्रिजच्या दारात पडलेलं औषध तेच होतं.

मी विचारलं, "पण बाळाला?" त्या म्हणाल्या, "तुम्ही इंजिनिअर ना? गणित करा." आणि पुढचा पेशंट येईपर्यंतच्या तीन-चार मिनिटांत त्यांनी जे सांगितलं आणि मी बाकावर बसून जे गुणाकार-भागाकार केले ते इथे देते. माझ्यासारख्या घाबरलेल्या बाईला त्याच गणिताने शांत केलं होतं.

बाटलीवर ०.५ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर, म्हणजे थेंबात पाव मिलिग्रॅम. दर तासाला एक, असे चोवीस तासांत ६ मिलिग्रॅम. याच औषधाची तोंडाने घ्यायची एक गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. म्हणजे माझा हा रात्रंदिवसाचा जोरदार उपचारही एका गोळीच्या साठाव्या हिश्शाहून कमी. साधे डोळे आल्यावर देतात तसे दिवसातून तीन वेळा दोन्ही डोळ्यांत घातले तर दिवसाला दीड मिलिग्रॅम. त्यातही डोळ्यात एक अख्खा थेंब मावत नाही, बराचसा गालावर ओघळतो. उरलेल्यातला काही भाग रक्तात जातो, आणि रक्तातला त्याहून थोडा बाळाकडे.

मग गोळी तरी का नको म्हणतात? या वर्गातल्या औषधांनी, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन वगैरे, वाढत्या वयाच्या प्राण्यांच्या सांध्यांतल्या कूर्चेला इजा झालेली प्रयोगात दिसली आहे. म्हणून गरोदरपणात गोळ्या शक्यतो टाळतात, दुसरं औषध असेल तर ते देतात. नकळत अशा गोळ्या घेतल्या गेलेल्या बायकांच्या बाळांमध्ये मोठ्या जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही, तरी सावधगिरी ठेवतात. थेंबांचा हिशेब मात्र वेगळाच.

आणि तो खोक्यातला कागद? त्यावरचं वाक्य मी चुकीचं वाचलं होतं. आमच्या धंद्यात दोन गोष्टी अगदी वेगळ्या असतात. एक, टेस्ट चालवली आणि ती फेल झाली. दुसरी, टेस्ट लिहिलीच गेली नाही. "पुरेसा अभ्यास झालेला नाही" हे दुसऱ्या प्रकारचं वाक्य आहे. गरोदर बायकांवर औषधांचे प्रयोग सहसा कुणी करत नाही, करूही नये असं बहुतेकांना वाटतं, त्यामुळे हे वाक्य जवळजवळ प्रत्येक औषधावर असतं. त्याच्या मागे थॅलिडोमाइडची सावली आहे. १९५७ मध्ये जर्मनीत ते विकायला आलं, गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं, आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगात दहा हजारांवर बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेने १९७९ पासून गरोदरपणातल्या औषधांना ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं दिली. लोक ती शाळेतल्या ग्रेडसारखी वाचायला लागले, सी म्हणजे नापासाच्या जवळ. शेवटी २०१५ पासून तिथे ती अक्षरं काढून त्याऐवजी सविस्तर मजकूर लिहायला लावला. आपल्याकडे मात्र अजून वेबसाइटींवर आणि व्हॉट्सअॅपवर ती अक्षरं फिरत असतात, आणि रात्री दोन वाजता गरोदर बाया ती वाचत असतात. मीही वाचली होती.

एक मात्र आहे. थेंब डोळ्यातच राहतो असं नाही. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रूंची बारीक नळी असते, ती नाकात उघडते. म्हणून तर थेंब घातल्यावर घशात कडू लागतं. नाकाच्या आतल्या कातडीतून औषध थेट रक्तात जातं, पोटातल्या गोळीसारखं आधी यकृतातून गाळून जात नाही. यावर उपाय इतका साधा आहे की मला आधी खरा वाटला नाही. थेंब घालायचा, डोळा अलगद मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा आणि बाहेर आलेलं औषध स्वच्छ कागदी रुमालाने टिपून घ्यायचं. नळी बंद, रक्तात जाणारं औषध आणखी कमी. हे दूध पाजणाऱ्या आईलाही सांगतात. गेल्या दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात चार-पाच जणींना मी हे करून दाखवलं, एकीलाही आधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

सगळेच थेंब सारखे नसतात, हेही सांगायला हवं, नाहीतर माझं गणित वाचून कुणी वाटेल ती बाटली उघडेल. क्लोरॅम्फेनिकॉल आपल्या आई-आजीच्या पिढीचं लाडकं औषध. डोळ्यांत पिळायच्या त्या छोट्या कॅप्सूल, क्लोरोमायसेटिनच्या, बहुतेक घरांच्या कपाटात असायच्या. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलं की हे औषध मोठ्या मात्रेत दिलेली नवजात बाळं राखाडी पडून दगावत होती, कारण तान्ह्या बाळाच्या यकृताला ते पचवून बाहेर टाकता येत नाही. त्या मात्रा डोळ्यातल्या थेंबापेक्षा कितीतरी पट होत्या. तरीही दुसरी औषधं हाताशी असताना, विशेषतः बाळंतपण जवळ आलं असताना आणि अंगावर पाजत असताना, डॉक्टर हे टाळतात. टोब्रामायसिन आणि जेंटामायसिन ज्या कुळातले, त्याच कुळातल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी गरोदर आईच्या बाळाच्या कानांना इजा होऊ शकते. यांच्या थेंबांतली मात्राही तशीच नगण्य, गरज असेल तर देतात. एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन गरोदरपणात बरीच वर्षं निर्धास्तपणे वापरली जातात. अँटिबायोटिक नसलेलं एक नाव लक्षात ठेवा, ब्रिमोनिडिन. काचबिंदूसाठी असतं. पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घालू नये, तान्ह्या बाळाला त्याने गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. त्यामुळे काचबिंदू असलेल्या बाईने दिवस गेल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच सांगावं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो स्टेरॉइडवाल्या थेंबांचा. साथीत समोरच्या इमारतीतली एक मैत्रीण जो थेंब घालत होती त्याने तिचा डोळा एका दिवसात पांढरा झाला होता. "तू पण हाच घाल," म्हणून तिने मला बाटली देऊ केली होती. त्यात अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन होतं. लाली झटकन जाते, म्हणून दुकानदार देतात आणि लोक मागतात. माझ्या जखमेवर तो गेला असता तर जिवाणूंना मोकळं रान मिळालं असतं. नशीब, सासूबाईंच्या धाकाने तोही घातला नव्हता. म्हणजे त्यांच्या एकाच भीतीने मला एका बाजूने बुडवलं आणि दुसऱ्या बाजूने वाचवलं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग टेट्रासायक्लिनची गोष्ट सांगितली.

आणि खरोखरच साथीतले डोळे आले असतील तर? विषाणूंवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, एक-दोन आठवड्यांत ते आपोआप बरे होतात. थंड घड्या, स्वच्छ हात, वेगळा टॉवेल, वेगळी उशी, लागलंच तर नुसते कृत्रिम अश्रूंचे थेंब. गरोदर बाईने याहून जास्त काही करायची बहुधा गरजच नसते. दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून साथ लागत नाही, हातांतून लागते, त्यामुळे गॉगलपेक्षा साबण कामाचा. पण डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल, लेन्स लावत असाल, घट्ट पिवळा-हिरवा पू सतत येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि तिथे दोन गोष्टी न विचारता सांगायच्या. कितवा महिना आहे, किंवा बाळ किती महिन्यांचं आहे, ही एक. लेन्स, ही दुसरी.

माझ्या खरवड्याच्या तपासणीत जिवाणूच निघाले, बुरशी नव्हती. पावसाळ्यात शेतावरच्या माणसांना बुरशीची जखम होते, तिची औषधं वेगळी आणि उपचार लांबतात. माझ्या दोन रात्री गजराच्या. नवरा दर तासाला उठून थेंब घालायचा, कारण मला झोपेत नेम लागायचा नाही, आणि बोट तोच दाबून धरायचा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल. तिसऱ्या दिवशी उजेड जरा सोसवायला लागला, तीन आठवड्यांत जखम भरली. बुबुळाच्या कडेला एक फिकट डाग राहिला आहे. तो मध्यावर नाही म्हणून नजर शाबूत आहे, रात्री समोरच्या गाडीचा दिवा तेवढा फाटल्यासारखा दिसतो. धोंड्याचं जेवण हुकलं, आईने वाण नवऱ्यासाठी अमळनेरहून येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर पाठवलं.

ऑक्टोबरात, नवरात्रात, मुलगी झाली. दहाव्या दिवशी तिचा डावा डोळा चिकटायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. फ्रिजमध्ये माझी उरलेली बाटली अजून होती. एक नातेवाईक म्हणाल्या, बाटली कशाला, अंगावरचं दूध घाल दोन थेंब, आम्ही तेच केलं. दोन्हींपैकी काही केलं नाही. उघडलेली बाटली महिनाभरानंतर टाकून द्यायची असते, हे डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं, माझी तर अडीच महिने जुनी. आणि पहिल्या महिन्यात बाळाच्या डोळ्याला चिकटा येणं ही घरी बसून बघायची गोष्ट नव्हे. जन्मताना आईकडून मिळालेला संसर्ग असेल तर बाळाची नजर जाऊ शकते. १८८१ मध्ये लाइपझिगच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायची पद्धत प्रसिद्ध केली, त्यानंतर युरोपात त्या अंधत्वाचं प्रमाण खूप खाली आलं. आज अनेक देशांत त्याजागी जन्मताच एरिथ्रोमायसिनचं मलम लावतात. म्हणजे बाळाच्या डोळ्यात अँटिबायोटिक घालणं हीसुद्धा काही नवी किंवा भयंकर गोष्ट नाही, मात्र कोणतं आणि कधी, ते डॉक्टरच ठरवणार.

त्याच दिवशी बाळाला घेऊन गेलो. डोळा लाल नव्हता, पापण्या सुजल्या नव्हत्या. संसर्ग नव्हता, अश्रूंची ती नळी अजून नीट उघडली नव्हती, जी मी दाबून बंद करत होते तीच. पुष्कळ बाळांना असं असतं. थेंब दिलेच नाहीत. नाकाच्या बाजूने करंगळीने वरून खाली हलकं चोळायला शिकवलं, दिवसातून तीन-चार वेळा, पाजताना. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. आधी हात साबणाने धुवायच्या, मग नखं तपासायच्या, मग मांडी घालून बसायच्या. आठव्या महिन्यात एका सकाळी डोळा चिकटला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, "देख वं, नळी उघडनी."